वर्तुळावर देवनागरी बसवताना शिरोरेषा का तुटते, आणि ती कशी सांधावी

आपला प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे मुखपृष्ठ करीत आहात. त्यावर ४० मिलिमीटर त्रिज्येची गोल मुद्रा आहे. वरच्या कमानीत शाळेचे नाव, ज्यात 'माध्यमिक विद्यालय' हे शब्द आहेत, आणि खालच्या कमानीत 'सुवर्णमहोत्सव १९७५–२०२५' असा मजकूर आहे. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधील 'टाइप ऑन अ पाथ' (वक्रावर मजकूर बसवणे) हे साधन आपण वापरले. वरच्या कमानीत प्रत्येक अक्षरागणिक शिरोरेषा तुटली, 'मि' आणि 'वि' यांची वेलांटी अक्षरावरून उचलल्यासारखी दिसू लागली, आणि खालची ओळ उलटी आली. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, उणे करून आपण शिरोरेषा जोडायचा प्रयत्न केला, तेव्हा अक्षरे पायथ्याशी एकमेकांत घुसली. 'देवनागरीसाठी ही सोयच नाही का?' असे आपण विचारले आहे.

सोय आहे, पण ती रोमन लिपीच्या सवयीने बांधलेली आहे. रोमन अक्षर रेघेवर उभे राहते, देवनागरी अक्षर रेघेला लटकते. सॉफ्टवेअर मात्र दोघांनाही आधाररेषेवर, म्हणजे अक्षराच्या पायाशी असलेल्या काल्पनिक रेघेवर, उभे करते. सरळ ओळीत या फरकाने काही बिघडत नाही, वक्रावर सगळे बिघडते. त्यामुळे ट्रॅकिंगशी झुंजण्यात अर्थ नाही. अक्षराचा पाय वक्रावर ठेवण्याऐवजी शिरोरेषा वक्रावर ठेवायची, एवढा एकच बदल केला की आपल्या तक्रारींपैकी पहिली जवळजवळ पूर्ण सुटते; बाकीच्यांसाठी वेगळे उपाय पुढे सांगतो.

हे नुसते सांगण्यापेक्षा आकड्यांत दाखवणे बरे. आपल्या मुद्रेत अक्षरांचा आकार ३० पॉइंट आहे असे धरू. नेहमीच्या मजकुराच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, या आकाराला पायापासून शिरोरेषेपर्यंतची उंची साधारण ७ मिलिमीटर आणि अक्षराची सरासरी रुंदी साधारण ६ मिलिमीटर भरते. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर अखंड ठोकळा समजून त्याच्या मध्यबिंदूपाशी वक्राला स्पर्शिका होईल असे फिरवते. दोन शेजारच्या अक्षरांच्या दिशांत रुंदी भागिले त्रिज्या, म्हणजे ६ भागिले ४० इतका कोन पडतो, सुमारे साडेआठ अंशांचा. पाय वर्तुळावर टेकलेले असल्याने पायाशी अक्षरे चिकटून असतात, पण ७ मिलिमीटर वर गेल्यावर तोच कोन पाचरीसारखा उघडतो आणि शिरोरेषेपाशी ७ गुणिले ६ भागिले ४०, म्हणजे १ मिलिमीटरहून किंचित जास्त फट पडते. शिरोरेषेची जाडी या आकाराला पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. रेषेच्या जाडीपेक्षा फट मोठी झाली की डोळा त्या रेषेला सलग मानायला तयार होत नाही. रोमन अक्षरांच्या माथ्याशीही हीच फट पडते, पण तिथे जोडायचे काही नसल्याने ती कोणाला दिसत नाही.

मग मोठे वर्तुळ घेतले तर? फट त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होते हे खरे, परंतु ती एक दशांश मिलिमीटरवर आणायची तर याच अक्षरांसाठी ४२० मिलिमीटर त्रिज्या लागेल. ए-४ कागदाची लांबीच २९७ मिलिमीटर आहे. थोडक्यात, पाय वक्रावर ठेवून देवनागरी सलग दिसेल असे वर्तुळ आपल्या कागदावर मावतच नाही.

आता शिरोरेषा वर्तुळावर ठेवून हाच हिशेब पाहा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा हा एक छोटा सरळ तुकडा आहे आणि तो मध्यबिंदूपाशी वर्तुळाला स्पर्श करतो. शेजारच्या दोन तुकड्यांच्या टोकांमधली फट या मापांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येते, म्हणजे छपाईत नाहीच. वर्तुळाऐवजी बहुकोन झाला म्हणून होणारा फरकही अक्षराच्या कडेला एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास राहतो. डोळ्याला ती सलग कमानच वाटते. याची किंमत पायाशी मोजावी लागते: तिथली त्रिज्या ३३ होते आणि अक्षरांना साडेसतरा टक्के कमी जागा मिळते. पण देवनागरी अक्षरांच्या पायाशी मुळात बरीच मोकळीक असते. प, ग, त, न, म यांचा खाली उतरणारा भाग मुख्यतः एक दंड असतो, आणि दंड थोडे जवळ आले तरी वाचायला अडत नाही. उलट शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना पसरायला जागा मिळते. ही अदलाबदल मी कधीही पत्करीन.

इनडिझाइनमध्ये हे करायचे कसे? 'टाइप ऑन अ पाथ'च्या ऑप्शन्समध्ये 'अलाइन' या खान्यात असेंडर (अक्षरांची वरची हद्द), डिसेंडर (खालची हद्द), सेंटर आणि बेसलाइन (आधाररेषा) असे चार पर्याय असतात. असेंडर निवडले की काम होईल असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही, कारण देवनागरी टंकातील असेंडरचे माप शिरोरेषेवरच्या मात्रांनाही सामावून घेते, त्यामुळे शिरोरेषा वक्रापासून बरीच खाली लटकते. म्हणून 'अलाइन' बेसलाइनवरच ठेवावे आणि कॅरेक्टर पॅनेलमधील बेसलाइन शिफ्टला, म्हणजे अक्षर आधाररेषेच्या वर-खाली सरकवणाऱ्या मापाला, शिरोरेषेच्या उंचीइतके उणे माप द्यावे. अक्षरांमधली अंतरे मूळ वक्रावरच मोजली जातात आणि अक्षर मात्र त्या वक्राखाली लटकते. आपल्याला हवे ते नेमके हेच.

हे माप टंकागणिक बदलते, ते अंदाजाने घेऊ नये. मी असे करतो: तोच टंक १०० पॉइंटला घेऊन एकटा 'प' टाइप करतो, क्रिएट आउटलाइन्सने त्याचे आकृतीत रूपांतर करतो आणि उंची पाहतो. 'प' यासाठी की त्याचा दंड आधाररेषेवर संपतो आणि वर शिरोरेषेखेरीज काही नसते. उंची ६६ पॉइंट आली तर शिरोरेषा आकाराच्या ६६ टक्क्यांवर आहे. ३० पॉइंटला ती १९.८ पॉइंटवर येईल, आणि बेसलाइन शिफ्ट उणे १९.८. नंतर अक्षरांचा आकार बदलला तर हे मापही बदलावे लागते. मी दोन्ही मापे एकाच कॅरेक्टर स्टाइलमध्ये ठेवतो, कारण घाईत एक बदलून दुसरे विसरण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

इथे एक बारकावा आहे. शिरोरेषेला जाडी असते, मग तिची वरची कड वक्रावर ठेवायची की खालची? वर्तुळाच्या केंद्रापासून जी कड दूर, ती वक्रावर ठेवावी. वरच्या कमानीत ती वरची कड असते, आणि 'प'ची पूर्ण उंची मोजली की तीच आपोआप मिळते. मग जाडीचा उरलेला भाग आतल्या बाजूस किंचित एकमेकांवर चढतो. चढलेली काळी रेषा काळीच दिसते, पण उघडी फट पांढरी दिसते. फट आणि चढ यांत निवड करायची वेळ आली की नेहमी चढ निवडावा. मात्र अक्षरांना पारदर्शकता किंवा फक्त बाह्यरेषा दिली असेल तर चढ उघडा पडतो. तेव्हा आउटलाइन्स करून पाथफाइंडरमधील 'ॲड'ने सगळे तुकडे आधी एकजीव करावेत.

खालची कमान ही वेगळी बाब आहे आणि ती त्याच वर्तुळावर होत नाही. खाली मजकूर सुलटा वाचता यायचा तर अक्षरांचे डोके केंद्राकडे आणि पाय बाहेर हवेत. वरच्या कमानीत शिरोरेषा ४० त्रिज्येवर आणि पाय ३३ वर आहेत. पट्टा एकसारखा दिसण्यासाठी खाली शिरोरेषा ३३ वर आणि पाय ४० वर यायला हवेत. म्हणून ३३ मिलिमीटर त्रिज्येचे दुसरे समकेंद्री वर्तुळ काढावे, त्यावर मजकूर घालून ऑप्शन्समधील 'फ्लिप' चालू करावे आणि बेसलाइन शिफ्ट पुन्हा उणे द्यावे. या कमानीत केंद्रापासून दूरची कड म्हणजे शिरोरेषेची खालची कड, त्यामुळे शिफ्टच्या मापातून शिरोरेषेची जाडी वजा करावी. आपल्या उदाहरणात २ पॉइंटच्या आसपास.

दोन्ही कमानी बसल्यावर वरचा मजकूर दाटलेला आणि खालचा सैल वाटेल. तो भास नसतो. वर पायांची जागा साडेसतरा टक्के कमी झालेली असते आणि खाली २१ टक्के वाढलेली. रोमनमध्ये हा फरक ट्रॅकिंगने मिटवतात, पण देवनागरीत ट्रॅकिंग वाढवणे म्हणजे शिरोरेषा कापणे. मी अक्षरांचे आडवे माप (हॉरिझॉन्टल स्केल) बदलतो: वर १०३ टक्के, खाली ९६ किंवा ९७ टक्के. टंकरचनाकार याला नाक मुरडतील, आणि सरळ मजकुरात मीही मुरडतो. परंतु वक्रावर अक्षर असेही विकृतच दिसत असते आणि तीन-चार टक्के त्यात विरून जातात. ट्रॅकिंग घ्यायचेच तर उणे ५ ते उणे १० इतकेच, टंकाच्या शिरोरेषा मुळातच काठोकाठ संपत असतील तर सांधा झाकण्यापुरते.

आता वेलांटी. इथे मला मान्य केले पाहिजे की शिरोरेषा वक्रावर आणल्याने हा प्रश्न सुटत नाही. युनिकोड टंकातही पहिली वेलांटी हे सहसा स्वतंत्र चिन्ह असते: डावीकडे दंड आणि त्याच्या माथ्यावरून पुढच्या व्यंजनाच्या दंडापर्यंत पोचणारी कमान. चिन्हाची मोजलेली रुंदी फक्त दंडापुरती असते, कमान पुढच्या अक्षरावर झुकलेली असते. ओळ वळली की वेलांटी स्वतःच्या मध्यबिंदूपाशी फिरते आणि व्यंजन स्वतःच्या. 'मि'मध्ये वेलांटीच्या कमानीचे टोक तिच्या मध्यापासून ६ मिलिमीटर पुढे असेल, तर ४० त्रिज्येवर ते टोक जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर उचलले जाते. आपण पाहिलेले 'उचलल्यासारखे दिसणे' ते हेच. दुसऱ्या वेलांटीत आणि रफारात हेच उलट्या दिशेने घडते. काही प्रणाली संपूर्ण अक्षर एक घटक मानून फिरवतात, काही प्रत्येक चिन्ह वेगळे फिरवतात, आणि मला कामात दोन्ही प्रकार भेटले आहेत. म्हणून नव्या आवृत्तीत काम सुरू करण्यापूर्वी मी एका लहान वर्तुळावर 'किर्मि' हा निरर्थक शब्द टाकून पाहतो. दोन वेलांट्या आणि एक रफार, तिघांचे वागणे एकदम कळते.

उपाय परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्याकडे 'मि' आणि 'वि' अशा दोनच वेलांट्या आहेत. अशा वेळी मजकूर पक्का झाल्यावर आउटलाइन्स कराव्यात, डायरेक्ट सिलेक्शन या साधनाने फक्त कमानीच्या टोकाचे बिंदू निवडून खाली घ्यावेत आणि व्यंजनाच्या दंडाला भिडवावेत. पाच मिनिटांचे काम आहे. मजकुरात आठ-दहा वेलांट्या असतील तर आखूड, गोलसर वेलांटीचा टंक निवडणे अधिक शहाणपणाचे. 'एक टाइप' या टंकनिर्मात्यांच्या 'बलू' किंवा 'मुक्ता' यांसारख्या साध्या, एकसारख्या जाडीच्या टंकांत अशी डागडुजी पटकन झाकली जाते. जाड-बारीक फरक असलेल्या पारंपरिक वळणाच्या टंकांत प्रत्येक सांधा उघडा पडतो.

या सगळ्याआधी एक तपासणी करायला हवी होती, ती आता सांगतो. आपला परिच्छेद 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅरॅग्राफ कंपोजर'वर आहे ना? (कंपोजर म्हणजे अक्षरे जुळवून ओळी रचणारा सॉफ्टवेअरचा भाग.) परिच्छेद पॅनेलच्या मेनूत ही निवड असते. नेहमीच्या कंपोजरवर 'विद्यालय'मधील जोडाक्षर हलन्ताने फुटलेले दिसेल आणि वेलांटी व्यंजनानंतर येईल. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करून दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोजर निवडावा लागतो. आपली जोडाक्षरे ठीक दिसत असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा हे झालेले असावे. पण हा प्रश्न वाचून इथे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण वक्राची नसतेच, कंपोजरची असते.

आणि टंक युनिकोड नसेल तर वरचे काहीही लागू पडत नाही. जुन्या पद्धतीच्या बिगर-युनिकोड टंकांत अनेक अक्षरे दोन-तीन तुकड्यांनी बनतात: अर्धे अक्षर एका कळीवर, काना दुसऱ्या. सॉफ्टवेअरला ही दोन स्वतंत्र रोमन अक्षरे वाटतात आणि वर्तुळावर त्यांतले प्रत्येक वेगळ्या कोनात वळते. 'भ'चे पोट एका दिशेला आणि दंड दुसऱ्या दिशेला गेलेला मी पाहिला आहे. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात यायचा. पेजमेकरमध्ये वक्रावर मजकूर टाकण्याची सोयच नव्हती, २००१ सालच्या शेवटच्या सातव्या आवृत्तीतही नाही. म्हणून डीटीपीवाले कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कमान करून, कर्व्ह्ज (म्हणजे आउटलाइन्स) करून, चित्र म्हणून आणीत. ती सवय आजही छापखान्यांतून टिकून आहे आणि ती वाईट नाही. मुद्रेसारखी गोष्ट रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पानावर ठेवणे मलाही अधिक सोयीचे वाटते, कारण तिथे पुढची हातसफाई करता येते.

कोरलमध्ये 'फिट टेक्स्ट टू पाथ' आणि प्रॉपर्टी बारवरील पाथपासूनचे अंतर वापरून शिरोरेषा वक्रावर आणता येते. इंकस्केप या रेखाटनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पुट ऑन पाथ' आहे. तिथे वर्तुळाची सुरुवात घड्याळातल्या तीनच्या जागेपासून होते, म्हणून नाव उजवीकडून खाली घसरलेले दिसते आणि नवखा माणूस गांगरतो. वर्तुळच फिरवावे, आणि खालच्या कमानीसाठी ते आधी पाथमध्ये बदलून 'रिव्हर्स' करावे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, माझी परीक्षा एकच: वर्तुळावर 'पपपपपपपप' टाइप करायचे आणि शिरोरेषा सलग आहे का ते चारशे टक्के मोठे करून पाहायचे. तिथे फट असेल तर अंतरे चुकीच्या वर्तुळावर मोजली जात आहेत.

वर्तुळ लहान होत गेले की मात्र ही सारी पद्धत अपुरी पडते. रबरी शिक्क्याचे उदाहरण घ्या. मजकुराची त्रिज्या १६ मिलिमीटर, अक्षराची उंची ३ मिलिमीटर. इथे पायाशी जवळजवळ १९ टक्के आकुंचन होते आणि शब्दात 'द्धृ'सारखे खाली उतरणारे काही असेल तर ते शेजारच्याच्या पायात अडकते. माझा ठोकताळा असा की त्रिज्या शिरोरेषेच्या उंचीच्या साडेपाचपटीच्या खाली गेली की अक्षरे फिरवणे सोडावे आणि अक्षरे वाकवावीत. फिरवण्यात अक्षर ताठ राहते आणि फक्त कलते. वाकवण्यात अक्षराची आकृतीच वक्र होते, त्यामुळे शिरोरेषा खरोखर कमानदार होते आणि वेलांटीही व्यंजनासकट वळते. इलस्ट्रेटरमधील वार्पचा 'आर्क' हे झटपट साधन आहे आणि त्यात मजकूर संपादनयोग्य राहतो, पण त्यातील टक्केवारी त्रिज्येशी जुळत नाही, सारे नजरेने बसवावे लागते. नेमकेपणा हवा असेल तर सरळ ओळीतील शब्दाच्या आउटलाइन्स करून त्याचा आर्ट ब्रश बनवावा आणि तो हव्या त्या कंसावर लावावा. कंसाची लांबी शब्दाच्या लांबीइतकीच ठेवावी, नाहीतर ब्रश अक्षरे ताणतो. इंकस्केपमध्ये 'बेंड' हा पाथ इफेक्ट हेच करतो, कोरलमध्ये एन्व्हलप. वाकवण्याचा दोष असा की दंड बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळते होतात. ठळक टंकात ते शोभूनही दिसते, बारीक टंकात केविलवाणे दिसते.

तिसरी पद्धत जुन्या अक्षररेखनकारांची आहे आणि मला ती सर्वांत आवडते: शिरोरेषा अक्षरांतून काढून टाकायची आणि कंपासने काढावी तशी एक सलग रेषा वेगळी काढायची. अक्षरे वक्रावर बसवून आउटलाइन्स कराव्यात, मग त्याच वर्तुळाचा कंस घेऊन त्याला शिरोरेषेच्या जाडीचा स्ट्रोक द्यावा. रुंद जोडाक्षरांत, जिथे सरळ तुकडा वर्तुळापासून तीन दशांश मिलिमीटरपर्यंत हटतो, तिथे ही रेषा सारे झाकून टाकते. पण थांबा, इथे खड्डा आहे. ध, भ आणि थ यांची शिरोरेषा मुळातच सलग नसते, डावीकडे मोकळी जागा असते. त्यावरून रेषा ओढली की ध चा घ होतो आणि भ चा म.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रमाणपत्रासाठी अशीच कमान केली आणि सलग रेषेच्या आनंदात 'माध्यमिक'चे 'माघ्यमिक' झाले. मी पाहिले नाही, मुख्याध्यापकांनी पाहिले नाही, छापखान्याने पाहिले नाही. गठ्ठा उघडल्यावर शाळेच्या शिपायाने सहज विचारले, 'साहेब, हे माघ महिन्यातलं आहे का?' पाचशे प्रमाणपत्रे माझ्या खर्चाने पुन्हा छापली. आपल्या मुद्रेतही नेमका हाच शब्द आहे, म्हणून एवढे सांगितले. रेषा ओढलीत तर 'मा'पाशी ती तोडा, 'ध्य'च्या गाठीला हवा मिळू द्या, आणि 'य'पासून पुन्हा सुरू करा. शब्दांमधली जागाही अर्थातच मोकळी.

पूर्ण वर्तुळाऐवजी फडफडणाऱ्या फितीसारख्या लाटेवर मजकूर हवा असेल तर गणित बदलते. त्याच ऑप्शन्समध्ये 'इफेक्ट' या खान्यात रेनबो, स्क्यू, थ्रीडी रिबन, स्टेअर स्टेप आणि ग्रॅव्हिटी असे पाच पर्याय आहेत. आपण आतापर्यंत बोललो ते सारे रेनबोबद्दल होते. सौम्य लाटेसाठी देवनागरीला 'स्क्यू' अतिशय मानवतो: त्यात अक्षरांच्या उभ्या कडा उभ्याच राहतात आणि आडव्या कडा वक्राप्रमाणे तिरक्या होतात. सगळे दंड समांतर राहिल्याने पाचर उघडायला वावच नसतो, आणि शिरोरेषा लाटेबरोबर वरखाली होत जाते. पूर्ण वर्तुळावर मात्र स्क्यू वापरू नये, कारण कडेला वक्र उभा होत जातो आणि अक्षरे ओळखू न येण्याइतकी चेपतात. उरलेले तीन पर्याय देवनागरीसाठी मला कधी उपयोगी पडलेले नाहीत. स्टेअर स्टेपमध्ये तर शिरोरेषेच्या पायऱ्याच होतात.

आपण शेवटी विचारले होते की मनोगताचा मजकूर मुद्रेच्या गोलाईला लपेटून किंवा गोल चौकटीतच भरता येईल का. येतो. इनडिझाइनमध्ये कोणताही बंद आकार टाइप टूलने टिचकी मारली की मजकुराची चौकट होतो, आणि लपेटण्यासाठी टेक्स्ट रॅपमधील वस्तूच्या आकाराप्रमाणे वळसा घालणारा पर्याय आहे. दोन गोष्टी पाळाव्यात. जस्टिफिकेशनच्या खिडकीत लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवावेत, नाहीतर अरुंद ओळीत सॉफ्टवेअर अक्षरे फाकवून शिरोरेषा तोडते. आणि भाषा मराठी निवडून हायफनेशन चालू करावे, कारण 'सुवर्णमहोत्सवानिमित्त' यासारखा शब्द गोलाच्या वरच्या तोकड्या ओळीत मावत नाही आणि न तोडल्यास ती ओळ रिकामी राहते. मी स्वतः पूर्ण गोल टाळतो. वर-खाली थोडा चपटा केलेला आकार वाचायलाही बरा आणि पहिल्या-शेवटच्या ओळीत एकटा 'व' लटकत नाही.

आपल्या मुद्रेपुरता माझा सल्ला असा: ४० आणि ३३ ची दोन वर्तुळे, रेनबो, बेसलाइन शिफ्ट मोजून, वर १०३ आणि खाली ९७ टक्के, मग आउटलाइन्स करून दोन वेलांट्या हाताने. वेगळी शिरोरेषा काढण्याची गरज इथे पडणार नाही. आउटलाइन्स करण्यापूर्वीची संपादनयोग्य प्रत वेगळ्या लेयरवर झाकून ठेवा, कारण स्मरणिका समितीला आदल्या रात्री शाळेच्या नावाआधी 'श्री' हवा असतो. छपाईच्या मापातच कागदावर एक प्रत काढा, ज्याने ही मुद्रा याआधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि त्याला ती मोठ्याने वाचायला सांगा.